जुन्या बाजारात मिळालेल्या फोटोंचे घर कसे शोधावे: बेळगाव सीमाभागातील नवशिक्यांसाठी

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतील वाडे पाडून तेथे अपार्टमेंट उभी राहू लागली, तसे भंगारवाल्यांकडे आणि जुने फर्निचर विकणाऱ्यांकडे फ्रेम केलेले फोटो मोठ्या संख्येने येऊ लागले. घराची वाटणी होते, वडील माणसे जातात, मुले पुण्याला किंवा बंगळूरला स्थायिक होतात. भिंतीवरचे आजोबा-पणजोबा आधी माळ्यावर जातात आणि घर रिकामे करताना सागवानी चौकटीच्या किमतीत बाहेर पडतात. विकत घेणाऱ्याला बहुधा चौकटच हवी असते. असे फोटो ज्यांच्या हाती येतात आणि ते ज्यांचे आहेत त्यांच्या घरी परत जावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सीमाभागातल्या फोटोंना सर्वसाधारण सल्ला पुरत नाही. गेल्या शंभर वर्षांत येथे राज्य बदलले, काही गावांचे जिल्हे बदलले, आणि फोटोच्या पाठीवर मोडी, बाळबोध (देवनागरी), कन्नड किंवा रोमन अशी कोणतीही लिपी आढळू शकते. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी वळावे. पगडी आणि मिशा असलेल्या पुरुषाचा फोटो दहा जणांना दाखवला, तर त्यांतील तिघांना तो आपल्याच घरातला वाटतो, आणि ते खोटे बोलत नसतात. कागद, पुठ्ठा, शिक्का आणि अक्षर यांवरून आधी काळ आणि गाव यांची मर्यादा आखून घेतली, म्हणजे नंतर मिळणारी ओळख पारखता येते.

विकत घेताना

एकाच घरातून आलेले फोटो शक्य तोवर एकत्र घ्यावेत. विक्रेता चांगल्या फ्रेमचे दोन फोटो वेगळे काढून देऊ लागला, तरी उरलेले किरकोळ वाटणारे फोटो, सुटी निगेटिव्ह, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, पोस्टकार्डे यांची चौकशी करावी. शोधाचा धागा बहुतेक वेळा या किरकोळ कागदांतच असतो. ढीग कोणत्या क्रमाने ठेवला होता त्याचा मोबाइलवर एक फोटो तेथेच काढून ठेवावा, कारण अल्बममधील पानांचा क्रम किंवा एका पिशवीत असणे हेही एक प्रकारचे नाते सांगते.

विक्रेत्याला माल कोठून आला हे विचारावे, पण रीत सांभाळून. घरमालकाचे नाव तो सांगणार नाही आणि त्याने ते सांगावे असा आग्रहही धरू नये. त्याचा धंदा विश्वासावर चालतो. "हा माल शहरातला की खेड्यातला, कोणत्या भागातले घर उतरवले होते?" एवढे विचारले तर शहापूर, वडगाव, अनगोळ किंवा निपाणीकडचा, इतपत उत्तर सहसा मिळते. ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे.

घरी आणल्यावर लगेच

येथील पावसाळा फोटोंचा वैरी आहे. खानापूर-कणकुंबीच्या बाजूला तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाच ओल असते. फोटो कोरड्या, हवेशीर जागी ठेवावेत. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नये. फोटो पूर्ण सुकू द्यावा आणि मग मऊ ब्रशने हलक्या हाताने, घराबाहेर, साफ करावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कारण चित्राचा थर काचेवरच राहून जातो; तो काचेसकट स्कॅन करावा. चिकटपट्टी, डिंक आणि लॅमिनेशन पूर्णपणे टाळावे. काचेच्या निगेटिव्ह फक्त कडांना धरून उचलाव्यात.

त्यानंतर प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयवर स्कॅन कराव्यात. मागची बाजू कोरी दिसली तरी ती स्कॅन करावीच. पुसट झालेली पेन्सिल किंवा नुसताच उमटलेला दाब टॉर्चचा प्रकाश एका बाजूने तिरपा टाकला की वाचता येतो. प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा. फोटोवर काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने, पाठीवर, कडेला लिहावे. शाई वापरू नये. वहीत प्रत्येक क्रमांकासमोर दोन रकाने ठेवावेत: प्रत्यक्ष काय दिसते, आणि आपल्याला काय वाटते. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण सहा महिन्यांनी आपलाच तर्क आपल्याला पुरावा वाटू लागतो, त्यापासून ती वाचवते.

पाठ, चौकट आणि अक्षर

शोधाचे निम्म्याहून अधिक काम येथे होते, म्हणून येथे घाई करू नये.

फ्रेम उघडताना मागचा पुठ्ठा फेकू नका. फ्रेमवाले पुठ्ठ्याच्या मागे वर्तमानपत्र लावत असत आणि त्यावर तारीख सापडू शकते. ती तारीख फ्रेम केल्याच्या सुमाराची आहे, फोटो काढल्याची नव्हे. पण फोटो बहुधा त्यापूर्वीचा आहे आणि त्या सुमारास तो कोणाच्या तरी भिंतीवर गेला, एवढे धरता येते. वर्तमानपत्र मराठी आहे की कन्नड, बेळगावचे आहे की मुंबईचे, यालाही अर्थ आहे.

स्टुडिओचा शिक्का शाईचा असतो किंवा पुठ्ठ्यावर उठावाचा असतो. त्यावरचा पत्ता नीट उतरवून घ्यावा. मात्र स्टुडिओचे गाव ते कुटुंबाचे गाव असे कधीही धरू नये. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात असल्यामुळे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची मुले येथे भरती होऊन आली आणि कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, स्टुडिओत नव्या वर्दीत फोटो काढून त्यांनी ते गावी पाठवले. याउलट खानापूर-चंदगडकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. त्यांचे फोटो लालबाग-परळच्या स्टुडिओतले असतात आणि घर मात्र इकडचे असते.

हाताने लिहिलेल्या मजकुरात नावापेक्षा नावाआधीची अक्षरे अधिक बोलतात. "ती." म्हणजे तीर्थरूप, लिहिणारा वयाने आणि नात्याने लहान आहे. "चि." म्हणजे लिहिणारा मोठा आहे. "चि. सौ. कां." लग्न ठरलेल्या मुलीसाठी, "सौ." सुवासिनीसाठी आणि "गं. भा." विधवेसाठी लिहीत. "कै." असेल तर तो मजकूर त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरचा आहे, फोटो मात्र कितीतरी आधीचा असू शकतो. एकाच बाईच्या एका फोटोमागे "सौ." आणि दुसऱ्यामागे "गं. भा." सापडले, तर त्या घरातली एक मोठी घटना कोणत्या दोन फोटोंच्या मध्ये घडली ते कळते. "अण्णा", "तात्या", "आबा", "अक्का" ही घरगुती नावे मात्र जपून घ्यावीत: आपल्याकडे अण्णा हे एका घरात वडील असतात तर शेजारच्या घरात थोरले भाऊ.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलण्याची चाल असल्यामुळे माहेरच्या आणि सासरच्या फोटोंवर तीच बाई दोन पूर्णपणे वेगळ्या नावांनी येते. ढिगातल्या दोन "वेगळ्या" बायका एकच असण्याची शक्यता नेहमी तपासावी. लग्नपत्रिका मिळाली असेल तर हा गुंता चटकन सुटतो. पुरुषांच्या बाबतीत तीच काळजी दत्तकविधानामुळे घ्यावी लागते.

मोडी मजकूर असेल तर त्याचे स्पष्ट स्कॅन जाणकाराला दाखवावे. मोडी वाचता येते असे सांगणाऱ्या एकाच व्यक्तीवर विसंबू नये. आडनावे आणि गावांची नावे मोडीत चुकीची वाचली जाण्याचा संभव मोठा असतो. कन्नड मजकूर आहे म्हणून कुटुंब मराठी नाही, असा निष्कर्ष काढू नका. येथे दोन्ही भाषांत व्यवहार करणारी घरे भरपूर आहेत. कॅम्प आणि खानापूर भागातील ख्रिस्ती कुटुंबांच्या फोटोंवर रोमन लिपीतील कोकणी किंवा क्वचित पोर्तुगीज असते, तर बीदर-भालकीकडून आलेल्या, निजामी राजवटीतील फोटोंवर उर्दू.

काळ ठरवणे

तारीख शकात असेल तर ७८ मिळवावेत. महिना पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल, म्हणजे तिथी जानेवारीनंतरची असेल, तर ७९. शके १८५७ चा माघ हा १९३६ च्या प्रारंभीचा येतो. नवशिके येथे एका वर्षाने चुकतात आणि मग शाळेच्या नोंदी जुळत नाहीत.

तारीख नसेल तर पत्ता पाहावा, कारण सीमाभागात पत्ता हेच पंचांग आहे. "मुंबई इलाखा" असे असेल तर मजकूर ब्रिटिश काळातला. बेळगाव जिल्ह्याच्या पत्त्यात "मुंबई राज्य" असेल तर साधारण १९५० ते १९५६. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला गेला, आणि त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले. म्हणून "म्हैसूर राज्य" असे छापलेला बेळगावचा पुठ्ठा या सतरा वर्षांतला असतो. त्याच १९५६ च्या फेररचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून वगळून महाराष्ट्राच्या बाजूला राहिला, त्यामुळे "चंदगड, जि. बेळगाव" असे लिहिलेले आढळल्यास ते बहुधा त्यापूर्वीचे आहे. शहापूर हे आज बेळगाव शहराचा भाग असले तरी १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. पुठ्ठ्यावर "शहापूर, संस्थान सांगली" असे दिसले तर गोंधळू नये, आणि त्या काळच्या नोंदी ब्रिटिश बेळगावच्या दप्तरात शोधत बसू नये. पत्त्यात पिनकोड असेल तर मजकूर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचा. मात्र छापील पुठ्ठे आणि पाकिटे स्टुडिओवाले संपेपर्यंत वापरत असत, याचे भान ठेवून दोन-चार वर्षांची सूट द्यावी.

कागदाचेही काही सांगणे असते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पातळ कागदाचा, पिवळसर तपकिरी पडलेला फोटो एकोणिसाव्या शतकातला असू शकतो. गडद भागांवर चंदेरी झाक चढली असेल तर तो जिलेटिनच्या कागदावरचा, सामान्यतः त्यानंतरचा. पाठीवर पोस्टकार्डाची छपाई असलेले फोटो बहुतांशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. दातेरी कडांचे छोटे फोटो स्वातंत्र्याच्या आगेमागे भरपूर आढळतात, आणि घरगुती चौकोनी फोटो साध्या बॉक्स कॅमेऱ्यांच्या काळातले, म्हणजे पुष्कळदा साठ-सत्तरच्या दशकांतले असतात. प्लास्टिकसारखा गुळगुळीत, न मुडपणारा कागद साधारण १९७० नंतरचा.

चित्रात काय आहे

गटाचा फोटो मिळाला तर नशीब चांगले म्हणावे. पुढच्या रांगेत धरलेल्या पाटीवर शाळेचे, मंडळाचे किंवा कचेरीचे नाव आणि वर्ष असते. "एम. अँड एस. एम. रेल्वे" (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) असे नाव दिसले, तर ती कंपनी १९०८ मध्ये झाली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली, म्हणून काळाच्या दोन्ही कडा आपोआप मिळतात. शाळांच्या बाबतीत बेळगावातील बेननस्मिथ, सरदार्स, ठळकवाडी, शहापुरातील चिंतामणराव अशा जुन्या हायस्कुलांचे माजी विद्यार्थी आजही एकमेकांशी संपर्क ठेवून असतात. शाळेत जाताना फोटोची प्रत आणि पाटीवरचे वर्ष घेऊन जावे आणि त्या वर्षातील शिक्षकांची नावे विचारावीत. विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षक लवकर ओळखले जातात आणि शिक्षकाच्या नावावरून वर्गातला एखादा वृद्ध विद्यार्थी सापडतो.

तालमीतील मल्ल गदेसह, शिवजयंतीचा चित्ररथ, गल्लीतील गणपतीपुढचे कार्यकर्ते, सीमालढ्यातील सत्याग्रही हे फोटो घराचे असतात तसेच गल्लीचेही असतात. ते त्या त्या गल्लीच्या पंचांना किंवा मंडळाला दाखवले तर नावे मिळतात. एक सावधगिरी येथे आवर्जून सांगतो. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, ही या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच गांधीटोपी घातलेला प्रत्येक गट त्या अधिवेशनाचा ठरवण्याकडे लोकांचा कल असतो. पाटी, फलक किंवा मजकूर यांचा आधार नसताना तसे लिहू नये.

वेशभूषेवरून काळाचा अंदाज घ्यावा, पण जात किंवा श्रीमंती ठरवू नये. स्टुडिओत कोट, घड्याळ, छत्री, खुर्ची, कधी दागिनेही फोटोपुरते मिळत. मागचा राजवाड्याचा पडदा तर सर्वांसाठी एकच असे. हाच पडदा शिक्का असलेल्या दुसऱ्या फोटोत दिसला, तर स्टुडिओ ओळखण्यास त्याचा उपयोग होतो.

आडनावाने गाव सुचते: उचगावकर, कडोलकर, सांबरेकर, नंदगडकर. तरी एवढ्यावरून त्या गावी धाव घेऊ नये. असे आडनाव बहुधा गाव सोडून आलेल्याला पडते. उचगावात राहणारे घराणे पाटील म्हणून ओळखले जाते आणि त्याचीच बेळगावातली शाखा उचगावकर म्हणून.

माणसांपर्यंत पोहोचणे

काळ, भाग आणि एखादे नाव हाती आले की मग माणसांकडे वळावे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. अशा जुन्या वाचनालयांत नेमाने येणारी वयस्क मंडळी गावाची स्मृती सांभाळून असतात. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली पाहायला मिळाल्या तर श्रद्धांजलीच्या आणि पुण्यतिथीच्या जाहिराती पाहाव्यात, कारण त्यांत फोटो, पूर्ण नाव, गल्ली आणि मुला-नातवंडांची नावे एकत्र असतात. १९५६ पूर्वीच्या सरकारी कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागाराचा विचार करावा लागतो, त्यानंतरच्यांसाठी कर्नाटकातील कचेऱ्यांचा. पण खरे सांगायचे तर एखाद्या कुटुंबाच्या फोटोसाठी इतक्या दूर जाण्याची वेळ क्वचित येते.

खेड्यातले कुटुंब असेल तर हेळवी हा मोठा आधार आहे. आपल्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे हे लोक सुगीनंतर गावोगाव येतात आणि कोणाचा मुलगा कोण, कोणती शाखा कोठे गेली, हे वहीतून वाचून दाखवतात. गावात ज्येष्ठांना विचारले तर आपल्या घराण्याचा हेळवी केव्हा येतो हे ते सांगतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्याही याच कामाच्या. मात्र त्यांचा उपयोग आडनाव आणि मूळ गाव कळल्यावरच होतो. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तके आहेत. महायुद्धात कामी आलेल्या सैनिकाचे नाव माहीत असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत शोधावे. पुष्कळ नोंदींत पलटणीबरोबर वडिलांचे नाव आणि गावही दिलेले असते.

व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरचे गट उपयोगी आहेत, पण तेथे पहिल्या दिवशी जाऊ नये. फोटो टाकताना लहान मुलांचे, आजारी किंवा मृत व्यक्तीचे, घरातील खासगी प्रसंगांचे फोटो टाकू नयेत. मृत व्यक्तीला बसवून काढलेले शेवटचे फोटो जुन्या ढिगांत निघतात, आणि ते कोणाच्या तरी दुःखाचे फोटो आहेत. शिवाय एक तपशील नेहमी राखून ठेवावा: पाठीवरचे नाव, शिक्का किंवा सोबत मिळालेली पत्रिका. ओळख सांगणाऱ्याने तो तपशील स्वतःहून सांगितला तर त्याच्या बोलण्याला वजन येते.

विचारण्याची रीत

मूळ फोटो घेऊन फिरू नये. मोठ्या आकारातील प्रत न्यावी, कारण वृद्धांना बारीक चेहरे दिसत नाहीत. "हे तुमचे आजोबाच ना?" असा प्रश्न कधीही विचारू नये. "आज्जी, यात कोणी ओळखीचे दिसते का, बघता का जरा?" असे विचारून शांत बसावे. त्या चेहऱ्याऐवजी मागची पायरी ओळखतील, तुळशीवृंदावन ओळखतील, बाईच्या गळ्यातली वज्रटीक ओळखतील. ते सर्व लिहून घ्यावे. एकाने दिलेली ओळख दुसऱ्या, पहिल्याशी न बोललेल्या माणसाकडून पक्की झाली आणि कागदावरच्या काळाशी जुळली, तरच ती मान्य करावी. या तिन्हींपैकी एक जरी विसंगत असेल तर वहीत "संभाव्य" एवढेच लिहावे.

घरच्या माणसांशी पहिल्यांदा बोलताना फोटो बाजारात मिळाला हे लपवू नये, पण त्याचा ठपका त्यांच्यावर येईल असे काही बोलू नये. पुष्कळदा एका भावाने घर रिकामे केलेले असते आणि दुसऱ्याला ते ठाऊकही नसते. ते आपल्यामुळे समोर येऊन भांडण होणार असेल, तर आधी घरातील ज्येष्ठ व्यक्तीशी एकट्याने बोलावे. फोटोतली व्यक्ती पहिली पत्नी असू शकते, घर सोडून गेलेला मुलगा असू शकतो. सांगायचे की नाही हा निर्णय त्यांचा आहे.

फोटो देताना पैशांची अपेक्षा ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फार तर खरेदीची किंमत, तीही त्यांनी आग्रह केला तर. आपल्याकडे स्कॅन ठेवायचे असेल किंवा कोठे छापायचे असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्यावी. फोटोसोबत आपण केलेल्या नोंदींची प्रतही द्यावी, म्हणजे पुढच्या पिढीला नावे पुन्हा शोधावी लागणार नाहीत. एकापेक्षा अधिक शाखा पुढे आल्या तर मूळ फोटो कोणाकडे राहावा हे त्यांनी आपसांत ठरवावे आणि बाकीच्यांना चांगल्या प्रती काढून द्याव्यात.

काही कुटुंबे फोटो नको म्हणतात. त्यांना कारण विचारू नये. असा फोटो, किंवा बराच शोध घेऊनही ज्याचे घर लागले नाही असा फोटो, फ्रेमसाठी पुन्हा बाजारात जाऊ देऊ नये. शाळेचा गट असेल तर त्या शाळेला, गल्लीचा किंवा गावाचा असेल तर तेथील वाचनालयाला विचारावे. स्वीकारणार असतील तर आम्लरहित कागदाच्या पाकिटात, क्रमांक, मिळाल्याची तारीख, विक्रेत्याने सांगितलेला भाग, आतापर्यंतच्या ओळखी आणि आपला संपर्क एवढे कागदावर लिहून सोबत द्यावे, आणि दिल्याची पोच आपल्या वहीत लावून ठेवावी.